वकिलाने राब भाजला

आमच्या पोशीर गावात मला गेली वीस वर्षं सगळे ‘वकील’ म्हणतात. मी वकील नाही, ही गोष्ट पहिल्यांदा माझ्या बायकोच्या लक्षात आली.

तसा मी खोपोलीकडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. शिक्षण बी.ए., तेही इतिहास घेऊन. पण ग्रामसभेत कोणी गटाराचा विषय काढला की मी उभा राहतो आणि “कायद्यानं बघायला गेलं तर...” अशी सुरुवात करतो. पुढे कायदा काय म्हणतो ते मला माहीत नसतं, पण तोवर लोक चहाला उठलेले असतात. अशा रीतीने मी एकही खटला न हरलेला वकील झालो!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रंजना, म्हणजे माझी बायको, मशीनवर ब्लाऊज शिवत होती. पायाने मशीन चालू ठेवून ती म्हणाली, “अवो, समदा गाव तुमाला वकील म्हनतो. मंग एकदा खरंच का व्हत नाय?”

“वय झालं गं आता.”

“वयाची अट नाय. पदवी झाली की तीन वर्षांचा कोर्स. आधी ती सीईटी द्यायची. सायलीनं सांगितलंय.”

सायली ही आमची मुलगी. कर्जतला कॉलेजात जाते आणि घरातलं सगळं सरकार तिच्या मोबाईलमधून चालतं. तिने त्याच संध्याकाळी माझा फॉर्म भरला. फोटोसाठी मी नवीन शर्ट घातला, कपाळावरचे केस पुढे ओढले आणि न्यायाधीशाकडे बघतात तसं मोबाईलकडे बघितलं. फॉर्म गेला. मी उठणार, तेवढ्यात रंजना म्हणाली, “सायले, आता माझा पन भर.”

रंजनाने मशीन चालवता चालवता मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलेलं होतं. सहा वर्षं लागली, पण केलं. तरीही मी विचारलं, “तुझा कशाला?”

तिने मशीन थांबवलं. “बायका मापाला येतात. मापाला धा मिनटं लागतात, पन बसतात तासभर. कुनाला घरातून भायेर काढलंय, कुनाचं नाव सात-बाऱ्यावर लावत नायत. रडतात आन् जातात. मी काय करते? पानी देते. मला पान्याच्या पुढं कायतरी देता आलं पायजे.”

मी मोठ्या मनाने म्हणालो, “भर गं सायले. मला सोबत होईल.” (हे वाक्य आमच्या घरात अजूनही दर आठवड्याला मला ऐकवलं जातं.)

अभ्यास सुरू झाला. माझी पद्धत अशी, की पुस्तक छातीवर उघडं ठेवून डोळे मिटायचे, म्हणजे मजकूर आत मुरतो. रंजनाची पद्धत अडाणी होती. ती प्रश्न सोडवायची. मशीनच्या फळीला चिमटा लावून त्यात प्रश्नपत्रिका अडकवायची आणि एक बाही झाली की पाच प्रश्न, दुसरी बाही झाली की आणखी पाच. अडलं की मला विचारायची. मला चारशेवीससकट कायद्याची एकूण चार कलमं पाठ होती. सायलीने सांगितलं, “बाबा, नवीन कायदा आला. आकडे बदलले.” झालं! माझ्या आयुष्यभराच्या विद्वत्तेवर सरकारने एका झटक्यात पाणी फिरवलं.

माझी आई हे सगळं ओट्यावरून बघत असे. ती शाळेत गेलेली नाही, पण तिला फसवणं आजवर कोणाला जमलेलं नाही. एकदा माझ्या छातीवरचं पुस्तक उचलून म्हणाली, “वसंता, घोरू नको रं. कायद्याला जाग येल.”

अभ्यासात आपण मागे पडतोय हे दिसल्यावर मी व्यवस्थापन हातात घेतलं. (पुरुषांचा हा जुना उपाय आहे.) परीक्षेला पंधरा दिवस उरले तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बसवून जाहीर केलं, “हॉल तिकीट, आधार, पॅन, पदवी, मार्कशीट, सगळे मूळ कागद एका ठिकाणी राहतील. माझी निळी फाईल, रंजनाची लाल.”

“कपाटात ठेवा की,” रंजना म्हणाली.

“कपाटाचं कुलूप मोडलंय. चोर आधी कपाटच बघतो. फळीवर ठेवलं तर उंदीर.”

मग मी जागा शोधली. पडवीत भाताच्या तुसाच्या तीन गोणी रचलेल्या होत्या. त्यातल्या मधल्या गोणीत, खोल तळाशी, मी दोन्ही फाईली खुपसल्या आणि तोंड सुतळीने शिवून टाकलं. “कोणता चोर तुसात हात घालील? परीक्षेच्या आदल्या दिवशी मी स्वतः काढणार. तोवर कोणी हात लावायचा नाही!”

आई म्हणाली, “आरं पन त्या गोनी...”

“आये, हात लावायचा नाही म्हणजे नाही.”

आईने तोंड मिटलं. आमच्या घरात आईने तोंड मिटलं की पुढच्या पंधरा दिवसांत काहीतरी होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी वारा पडला. आमच्याकडे पावसाआधी राब भाजतात. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या जागेवर शेण, पातेरा, पेंढा पसरायचा, त्यावर तूस, वरून माती, आणि मग एका बाजूने पेटवून द्यायचं. ते दिवसभर सावकाश धुमसत राहतं. तण मरतं आणि रोप जोमाने येतं. पण वारा पडलेला पाहिजे. त्यामुळे वारा पडला म्हटल्यावर मी परीक्षार्थी राहिलो नाही, शेतकरी झालो. तुसाच्या तिन्ही गोणी टेंपोत टाकल्या आणि आईला घेऊन शेतावर गेलो.

वाचकहो, मला माहीत आहे तुम्ही काय म्हणताय. पण शपथेवर सांगतो, ती शिवलेली गोण मी स्वतःच्या हाताने उसवली आणि उसवताना मनात फक्त एवढंच आलं, की आयला, ही कोणी एवढी घट्ट शिवली! तूस डोळ्यात जातं म्हणून मी तोंड फिरवून गोण उलटी केली, वर पेंढ्याचा एक थर ओढला, माती टाकली आणि काडी लावली. वर बांधावर उभा राहून आईला, शेतात जाळ करण्याविषयी कायदा काय म्हणतो, ते समजावून सांगितलं.

संध्याकाळी रंजना भाकऱ्या थापत होती. म्हणाली, “अवो, फायली काढून ठेवा आता. सकाळी घाई नको.”

“काढतो की,” म्हणत मी पडवीत गेलो. जिथे गोणी होत्या तिथे फक्त एक कोंबडी बसली होती. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कोंबडीला काही वाटलं नाही.

रंजनाला हाक मारायचीही हिंमत झाली नाही. मी बादली उचलली आणि शेताकडे पळत सुटलो. राब मस्त धुमसत होता. मी नाल्यातलं पाणी आणून त्यावर ओतलं. धूर असा उठला की माझा मीच मला दिसेना. मग काठीने उकरायला लागलो. आता पोशीरमध्ये कोणी राब लावताना दिसला तर कोणी मान वळवत नाही, पण राब विझवताना दिसला तर? पाच मिनिटांत बांधावर माणसं गोळा झाली.

“ओ वकील, काय झालं?”

“काही नाही!”

“राब इझवताय?”

“तपासतोय!”

“कायद्यानं इझवायला लागतो काय आता?”

कोणीतरी म्हणालं, “नवीन नियम आला असंल. वकील उगाच नाय करायचा.” आणि खरं सांगतो, दोघंजण आपले राब बघायला घाईघाईने निघून गेले! माझ्या वीस वर्षांच्या वकिलीत माझ्यावर एवढा विश्वास कोणी टाकला नव्हता, आणि नेमका तेव्हाच मी राख उकरत होतो. काठीच्या टोकाला शेवटी वितळलेल्या प्लॅस्टिकचा एक गोळा लागला. रंग कळत नव्हता.

मी तो गोळा हातात घेऊन घरी आलो. वाटेत मला फक्त रंजनाचं ते वाक्य ऐकू येत होतं, पान्याच्या पुढं कायतरी देता आलं पायजे. आणि मी काय दिलं होतं? राख! ती सहा वर्षं रोज पहाटे उठली, बाह्या शिवता शिवता शिकली, आणि मी तिचं सगळं तोंड फिरवून ओतून टाकलं. मला खरोखर रडू येत होतं. (धुरामुळेही येत होतं, पण निम्मं खरं होतं.)

“रंजना,” मी दारातच म्हणालो, “मी तुझा गुन्हेगार आहे. फाईली राबात जळल्या.”

ती तव्यावरची भाकरी उलटत होती. ती तिने पूर्ण उलटली. मग म्हणाली, “माझी नाय जळली.”

“म्हणजे?”

“तुमी गोन शिवलीत, त्याच दिवशी दुपारी मी ती उसवून माझी फाईल काढली आन् परत शिवली. मशीनच्या खान्यात हाय.”

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. एवढं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. जरा वेळाने डोकं चालू झालं. “आणि माझी?”

“तुमी म्हनलात, कुनी हात लावायचा नाय. मंग तुमची कशी काढू?”

आता तुम्हाला वाटेल मला धक्का बसला. नाही! मला दुसरा आनंद झाला. हॉल तिकीट गेलं, आधार गेलं, म्हणजे माझी परीक्षा गेली! चार महिन्यांत माझी पुस्तकाची बावीस पानं झाली होती, त्यातली आठ प्रस्तावनेची. मी लगेच दुःखी चेहरा केला. “जाऊ दे. माझ्या नशिबात नाही. तू दे परीक्षा, मी गेटवर थांबेन.”

तेवढ्यात ओट्यावरून आई म्हणाली, “वसंता, पाकिटात गाडीचं लायसन हाय ना रं तुजं?”

आणि सायली म्हणाली, “लायसन्स चालतं बाबा! हॉल तिकीट मी परत काढते. नेरळला सकाळी प्रिंट मिळेल.”

स्वतःच्या रक्ताची माणसं ही!

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मोटारसायकलवरून कर्जतमार्गे खालापूर तालुक्यातल्या एका कॉलेजवर पोचलो. रंजनाने लाल फाईल पदराखाली अशी धरली होती, की वाटेत एकदाही माझा खांदा धरला नाही. गेटवरच्या माणसाने तिला आत सोडलं आणि मला हात आडवा केला. “पालकांनी बाहेर थांबायचं.”

“मी परीक्षार्थी आहे.”

त्याने हॉल तिकिटावरचा फोटो बघितला, मला बघितलं. “काका, केस पुढं घ्या. मग जुळतंय.”

आत कॉम्प्युटर. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, एवढा एकच कायदा मला येत होता. मी पहिल्या प्रश्नापासून शेवटपर्यंत तिसरा पर्याय दाबत गेलो आणि वीस मिनिटांत मोकळा झालो. वेळ संपेपर्यंत उठायला मनाई. उरलेला सगळा वेळ मी दोन रांगा पुढे बसलेल्या रंजनाची पाठ बघत होतो. सुईत दोरा ओवताना ती मान जरा डावीकडे कलती करते. प्रत्येक प्रश्नाला तिची मान तशी कलत होती, मग सरळ व्हायची, मग पुढचा प्रश्न. ती लाल फाईल त्या गोणीत राहिली असती तर, हा विचार आला आणि त्या एसीच्या खोलीत मला घाम फुटला. मला तिचा फार अभिमान वाटला. माझा अजिबात नाही.

निकालात तिला एवढे मार्क पडले, की सायलीने मोबाईल दोनदा बंद करून चालू केला. माझे मार्क कोणी विचारले की मी पावसाचा विषय काढतो. आई म्हणाली, “तिसरंच दाबत बसलास, त्यापरीस शेजारच्याचं तरी बघायचंस!”

त्या वर्षी आमच्या राबातलं रोप गुडघ्यापर्यंत आलं. गावात कोणाचं तसं नव्हतं. लोक बांधावर थांबून आईला विचारायचे, यंदा खत कुठलं टाकलं? आई सरळ सांगायची, “आमच्या वसंताची बी.ए. टाकली. पंचवीस वर्षं घरात पडून व्हती, एकदाची कामाला आली.”

रंजना आता कर्जतला लॉ शिकते. मापाला आलेल्या बायका अजून तासभर बसतात, पण जाताना हातात काहीतरी लिहिलेला कागद असतो. मध्यंतरी आमच्या कारखान्याने सगळ्यांच्या पदव्यांच्या प्रती मागवल्या, आणि मला नव्या प्रमाणपत्रासाठी प्रतिज्ञापत्र करायची वेळ आली. ते रंजनाने लिहिलं. तिचा पहिला पक्षकार मी! मी वाचायला घेतलं. ‘मूळ पदवी नष्ट होण्याचे कारण’ या ओळीपुढे तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘अर्जदाराने ती सुरक्षित ठेवली होती.’

“हे असं लिहितात काय?” मी तडकलो. “कायद्यानं बघायला गेलं तर...”

तिने मशीन थांबवलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “काय म्हनतो कायदा?”

चहाला उठून जायला तिथे दुसरं कोणीच नव्हतं. मी सही केली.