कासारणीनं धरलेला हात

साताऱ्यात आमच्या दारी सणाला एक कासारीण यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. बांगडी चढवताना ती हात असा दाबायची की डोळ्यांत पाणी यायचं.

एकदा बांगडी अर्ध्यावर असताना एक टापटीप माणूस आला आणि माझ्या पाया पडला. “आई, म्हाताऱ्यांसाठी दवाखान्याचा विमा. आजच शेवटचा दिवस. सही करा, मालकांचं पेन्शनबुक द्या.” कागद कोरा होता. मी चौथी शिकलेली, तरी भुलले.

कासारीण माझा उजवा हात सोडेना. त्याला म्हणाली, “कंच्या दवाखान्यात चालतो ह्यो इमा? त्ये आदी लिवा, मग हात सोडते.”

तो चिडून निघून गेला.

“आवं, घाई त्याला हाय, तुमाला न्हाई,” ती हसली.

आता बांगड्या दुकानातून आणते. सही करायची वेळ आली की उजवा हात डाव्या हातानं धरते आणि आधी वाचते.