मागावर झोपलं कोण

पुण्याच्या एका कंपनीसाठी मी सोलापुरात घरूनच ड्रायव्हर लिहिते. ड्रायव्हर म्हणजे कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि यंत्रातल्या चिप यांच्यात बोलणं घडवून आणणारा प्रोग्राम. आमचं एक कंट्रोल बोर्ड इथल्याच टॉवेलच्या कारखान्यात मागावर बसवलं होतं. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की त्यानं माग थांबवायचा. पण माग थांबेना, आणि टॉवेलांवर लांबलचक रेघा पडायला लागल्या.

ऑनलाइन मीटिंगमध्ये आमचे मॅनेजर कोड न उघडताच म्हणाले, "बोर्ड ओके आहे. ऑपरेटर झोपत असेल." मालकांनाही तेच कळवलं. मालकांनी त्या मागावरच्या काकांना, ज्यांचं सगळं आयुष्य विणण्यात गेलं त्यांना, कांड्या भरायला, सूत गुंडाळायच्या हलक्या कामाला बसवलं.

मी बोर्ड बघायला गेले तेव्हा काका म्हणाले, "ताई, मी झोपलो न्हाय. पोरीला आता काय सांगू, बाप कामावर झोपतो म्हणून?"

माझं डोकंच फिरलं.

दुपारी कारण सापडलं. वीज वाचवायला बोर्डावरचा डिस्प्ले थोड्या वेळानं बंद व्हायचा, आणि बंद होताना त्याचा ड्रायव्हर रीसेटची तार ओढायचा, म्हणजे तिच्यावरून चिप कोरी करायचा सिग्नल द्यायचा. त्याच तारेवर धाग्याचा सेन्सरही होता. तोही रीसेट व्हायचा, त्याचं सगळं सेटिंग पुसलं जायचं. मग धागा तुटला तरी त्याला पत्ता नसायचा. ही तार दोघांची आहे, एवढं कर्नेलला सांगितलं असतं, तर एकट्या डिस्प्लेसाठी त्यानं ती ओढूच दिली नसती. आणि हा कोड मॅनेजरांनीच घाईघाईत पास केला होता!

मी दुरुस्ती केली, डिस्प्ले विझू दिला आणि धागा कापला. माग खाडकन थांबला.

मॅनेजरांना फोन लावला. "मालकांना सांगा, काकांची चूक नव्हती."

"कशाला? अपडेट दिला म्हणून कळवू. कस्टमरपुढे चूक कबूल करायची नसते."

"मग ती माणसावर ढकलायची असते का?"

फोन आपटला आणि मालकांना घेऊन थेट कांड्यांच्या मशीनपाशी गेले. सगळ्यांसमोर ओरडूनच सांगितलं, "हे झोपले नव्हते. आमचं बोर्ड चुकलं होतं."

"बरं बरं," मालक म्हणाले. काकांना माग परत मिळाला. माफी कुणीच मागितली नाही.

मॅनेजरांनी मला त्या कामावरून काढलं. म्हणे, "तुम्ही फार इमोशनल होता." झाले होते. काकांचं खाली गेलेलं तोंड त्यांनी कुठं पाहिलं होतं?