हौदात साडी चालत नाही

मुलांसाठी थीम पार्कला जायचं, असं माझ्या लेकानं जाहीर केलं. मुलांसाठी म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. लेक बीदरला राहतो, बीदरजवळच्याच कोळारच्या कारखान्यात कामाला जातो, आणि त्याच्याबरोबरच्या सगळ्यांचे गुलबर्ग्याच्या बाहेरच्या त्या पार्कातले फोटो फोनवर टाकून झाले होते. आमचेच राहिले होते. मग मंठाळला, माझ्या गावी, मला फोन आला, "माय, तू बी चल. तुजं बी जरा फिरणं व्हईल."

मला फिरण्याचं काही कौतुक नव्हतं. पण सात वर्षांच्या नातीनं फोन ओढून घेतला. "आज्जे, तिथं लाटा हाईत. खोट्या हाईत, पण मोठ्या. माझा हात धरून पाण्यात येतीस?"

मी व्हय म्हणाले. इतक्या लगेच, की माझं मलाच नवल वाटलं.

त्याचं असं आहे. माझ्या लहानपणी गावात दोन मोठ्या विहिरी होत्या. उन्हाळ्यात गावची पोरं पाठीला वाळलेले भोपळे बांधून त्यात धपाधप उड्या मारायची. आम्ही बौद्ध. आमच्या पोरांनी लांब उभं राहून नुसतं ऐकायचं. तो उडीचा आवाज मला अजून पाठ आहे. आता त्या विहिरीत प्लास्टिकच्या पिशव्या पोहतात आणि मनाई कुणालाच नाही. पण एकदा गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहायचं, हे माझं राहूनच गेलं. घरात कुणाला बोलले नव्हते. ह्या वयात असलं काही बोललं की घरचे आधी बीपी तपासायला नेतात.

पार्कच्या दारात सिमेंटचा डायनासोर. त्याचे दात बघून चार वर्षांच्या नातवानं भोकाड पसरलं. सुनेनं त्याला त्या दातांतच नेऊन बसवलं आणि "हस की रे, हस की" म्हणत फोटो काढला. तो फोटो पुढं सगळ्या पाहुण्यांत फिरला, पोरगं किती खूश आहे म्हणून. रडताना तोंड उघडतं, ते फोटोत हसल्यासारखं दिसतं. दारावरच्या माणसानं आमच्या भाकरी काढून ठेवल्या. बाहेरचं आत चालत नाही म्हणे. आतलं आमच्या पोटाला चालत नाही, ते परतताना गाडीत कळलं.

लाटांच्या हौदापाशी पोचलो तसं लेकानं सावलीतला बाक दाखवला. "माय, तू हितं बस. बॅगा सांभाळ."

"आन् पाण्यात?"

"तिथं साडी चालत न्हाई. नायलॉनचे कपडे भाड्यानं घ्यावं लागतात. ते तुला कसं जमंल?"

नात ओरडली, "आज्जी येणार म्हणली होती!" तिला काखेत मारून तो गेलासुद्धा.

तेव्हा आजूबाजूला बघितलं. बाकाबाकावर एकेक म्हातारी, पायाशी बॅगांचा ढीग, मांडीवर घरादाराच्या चपला. तिकीट काढून आत आणलेल्या राखणदारणी आम्ही.

शेजारची औरादकडची होती. अंगावर इरकल, मनगटं सोन्यानं भरलेली, बोलायला मोकळी. "अक्का, तुमाला बी बसवलं व्हय?"

"बसवलं की."

"माझा लेक म्हणतोय, आई, तुला झेपायचं न्हाई. गड्यामाणसांचा सैपाक झेपतंय, पाणी तेवढं झेपत न्हाई!"

दोघी खूप हसलो. तिनं ओटीतून डबा काढला, शेंगापोळ्यांचा. "घ्या अक्का. दारावरच्याला चुकवून आणलाव."

मी अर्धी पोळी खाल्ली असेन, तोवर तिनं गाव विचारलं. सांगितलं. गावात कुठं राहता विचारलं. तेही सांगितलं. मग आडनाव विचारलं. हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज फार गोड होतो. मीही तितक्याच गोड आवाजात सांगितलं.

"बरं, बरं," म्हणाली. आधी तिची बॅग बाकाच्या पलीकडच्या टोकाला गेली, बॅगेमागून ती गेली. डब्याचं झाकण लागलं. अक्का म्हणणं थांबलं. राहिली माझ्या हातातली अर्धी पोळी. त्या पोळीकडं बाई अशी बघायली होती, जणू पोळीनंच आधी विचारायला पाहिजे होतं. मी मुद्दाम सावकाश खाल्ली. शेवटी बोटंही चाटली. पोळी चांगली झाली होती, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात नात आली, ओलीचिंब, नाक लाल. "तू न्हाई तर मी बी न्हाई जायची. तू व्हय म्हणली होतीस."

मागून लेक. मी उठले. "ते कपडे कुटं मिळतात रे?"

"माय, लोक काय म्हणतील?"

"लोकांनी तेच घातलेत की."

"आन् पाय घसरला तर?"

"तर फोटो काढ."

"अन् ह्या बॅगा?"

"कामून? तुझ्याच हाईत. सांभाळ."

निळी विजार, पोटावर मासा काढलेला सदरा, डोक्याला रबरी टोपी. सून मला बघून हसू दाबत म्हणाली, "आत्याबाई, तुमचा मासा लई फुगलाय."

"तुझा तरी कुटं उपाशी हाय?"

पाणी कमरेइतकंच निघालं. म्हणजे इतकी वर्षं वाट बघून कंबर! नातीला रबरी टायरमध्ये बसवलं, तिचा हात धरला आणि हळूच गुडघे वाकवले. पोटावरचा मासा बुडाला, खांदे बुडाले, गळा आला. मग कानही बुडवले. पोरांच्या किंकाळ्या, कर्ण्यातलं गाणं, सगळं एकदम लांब गेलं. विहिरीचा आवाज मी बाहेरून ऐकला होता. आतून पाणी गप्प असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

वर आले तर कठडा धरून एक म्हातारी उतरायली होती. तीच विजार, तोच मासा, तीच टोपी. सोनं नाही, इरकल नाही. ओळखायला वेळच लागला. मी पाण्यात आणि आपण बाकावर, हे काही तिला बघवलं नसावं. तिकडं बाकावर तिचा लेक आणि माझा लेक, दोघं बॅगा धरून एकमेकांना खेटून बसले होते. एकाच फोनमध्ये तोंड घालून. त्यांनी आडनावं विचारली होती की नाही, कुणास ठाऊक.

भोंगा वाजला. लाट आली ती नातीला आणि मला उचलून गेली, पण त्या बाईचे पाय सुटले. तिनं हवेत हात मारले आणि सापडली ती माझी मान. अशी मिठी मारली, की माझ्या माहेरच्यांनी कधी मारली नव्हती.

"अक्का! अक्का, सोडू नका!"

"आडनाव मघाच सांगितलाव हां," मी म्हणाले. "ध्यानात हाय न्हवं?"

तिच्या तोंडात पाणी होतं. मिठी तेवढी आवळली. दुसरी लाट आली, तिसरी आली. नात टायरमधून खिदळायली होती, "आज्जे, तुला मैत्रीण चिकटली!"

लाटा थांबल्या तशी मिठीही थांबली. बाईनं सदरा ओढून सरळ केला, टोपी दाबली, कठड्याला धरत बाहेर गेली. थोड्या वेळानं बघितलं, तर इरकल पुन्हा अंगावर, सोनं पुन्हा मनगटात, आणि बाकाच्या त्याच टोकावर ती डबा उघडून बसली होती. माझ्या लेकाला पोळी देत होती. त्याला आडनाव विचारायचं तिचं अजून राहिलं असणार.

"माय, बास की आता!" लेक तोंडातल्या पोळीसकट ओरडला. "निघायचं हाय!"

भोंगा परत वाजायला लागला. नातीनं माझा हात घट्ट धरला. मी गुडघे वाकवले, पाणी गळ्याशी आणलं आणि तिथूनच त्याला ओरडून सांगितलं, "बॅगा बघ रे, मी येते!"