पहाऱ्यातला बैल

नोकरीत खुनी पकडले, दरोडेखोर पकडले. पण डोळ्यांसमोरून आजही हलत नाही तो ठाण्याच्या भिंतीला डोकं रेटून उभा राहिलेला एक बैल.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कळमन्यापलीकडच्या गावातला एक शेतकरी फिर्याद घेऊन आला. जोडीतला एक बैल तडफडून मेला होता. "शेजाऱ्यानंच माह्या बैलाले इख घातलं, साहेब!" खबऱ्यानेही दुजोरा दिला. बैल शेजाऱ्याच्या कपाशीत, उभ्या पऱ्हाटीत शिरला तेव्हा तो साऱ्या गावादेखत म्हणाला होता, "याले मारूनच टाकतो." हेतू मिळाला, साक्षीदार मिळाले. शेजाऱ्याला अटक करून रिमांड घेतला.

त्या काळी माझ्या आवाजाने ठाण्याची कौलं सरकत. (कौलं मुळातच सैल होती, ते सोडा.) त्या आवाजात दरडावलं, तर हा थंडपणे म्हणतो, "मले राग त्याचा होता, साहेब. मंग इख त्यालेच नसतं देल्लं? बैलानं काय केलं माह्यं?"

फिर्यादीला दुसऱ्या बैलाची धास्ती. रब्बीची पेरणी तोंडावर, हाही गेला तर वावर पडीक. म्हणून बैल ठाण्याच्या अंगणात बांधला, दोन शिपाई पहाऱ्याला. एवढा बंदोबस्त मंत्र्यालाही मिळाला नसेल. फिर्यादीचा आमच्यावरही विश्वास नव्हता. रोज स्वतः गवताचा भारा आणी आणि आपल्याच हाताने चारी.

पाचव्या दिवशी कोठडीतून आरोपीची हाक आली. "साहेब, बैल पाहा. त्याले दिसून नाही राहिलं."

पहारेकऱ्यांना जे दिसलं नाही, ते गजांआडच्या शेतकऱ्याला दिसलं होतं. बैल दात खात भिंतीला डोकं रेटत होता. "पयलाही असाच करे," फिर्यादी म्हणाला.

आरोपी तर माझ्याच कुलपात. मी भाऱ्यातली पेंढी झटकली. तळहातावर राखाडी भुकटी.

"गवत कुठलं?"

"भट्टीमागच्या धुऱ्यावरचं. पयलाही तिथंच चरे. तिकडं कोणी फिरकत नाही, म्हून मुद्दाम तिथलंच आणतो."

जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारी ती भट्टी, त्याच्या शेताच्या बांधाला लागूनच. तिची राख वर्षानुवर्षं त्या मातीत मुरत होती. जनावरांच्या डॉक्टरांनी शिशाचं विष सांगितलं. मेलेल्या बैलाच्या व्हिसेऱ्याचा अहवालही तेच बोलला.

शेजाऱ्याला सोडलं, तेव्हा फिर्यादीची मान वर होईना. शेजारीच म्हणाला, "म्हटलं तं होतं मी, मारून टाकतो. खोटं नाही. आता पेरणीले माही जोडी ने गा."

दुसरा बैलही गेला. पेरणी शेजाऱ्याच्या जोडीने झाली, धुऱ्याकडचा पट्टा सोडून. भट्टीमालकाचे परवाने चोख होते. मी मातीचा पंचनामा करून कागद वर पाठवला. भट्टी पुढे कधीतरी बंद पडली; माती जिथल्या तिथे राहिली.

वैर कोणाशी, हे मी पहिल्याच तासात विचारलं होतं. बैल खातो काय, हे विचारायला पाच दिवस लागले. त्यानंतर तो क्रम मी कायमचा बदलला.

निवृत्तीनंतर एकदा तिकडे गेलो. धुऱ्यावर गवत पुरुषभर वाढलेलं. सांगणारा मी, म्हणून कमरेइतकंच धरा. पण त्याला विळा लागला नव्हता, एवढं मात्र जसंच्या तसं घ्या.