वन्संच्या गाडीचं स्टिअरिंग

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी ती पुठ्ठ्याची करून बघत. नवा फ्रिज यायच्या आधी आमच्या स्वयंपाकघरात पुठ्ठ्याचा फ्रिज उभा होता आणि त्याला वळसा घालून मी पोळ्या करत होते. एकदा विसरून मी त्यावर दुधाचं पातेलं ठेवलं. दूध ओट्याखाली गेलं. वन्सं म्हणाल्या, "बघ, उंची चुकलीय. तुझा हात तिथे आपोआप जातो."

रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांचा जन्म गेला. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणत, "त्या मापाचा पुठ्ठा मिळाला नाही."

निवृत्त झाल्यावर त्यांनी बडोद्याच्या कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोटार बांधायला घेतली. जुन्या जीपचा सांगाडा, त्यावर मागवलेल्या सुट्या भागांचा संच, आणि दोनच माणसं बसतील अशी उघडी गाडी. मी तेव्हा पन्नाशीची, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. गाडीला चाकं लागण्याआधीच मी गॉगल आणि रेशमी स्कार्फ घेऊन ठेवला होता.

चेअरमनचा धीर मात्र सुटला. "बेन, दिवाळी पहेलां आर.टी.ओ.मां पास करावो, नहीं तो भंगारवाळाने बोलावीश," असं ते हसत हसत म्हणाले. दुसऱ्याच दिवशी भंगारवाला येऊन गाडीभोवती फिरून, तिला दोन ठिकाणी ठोकून गेला. त्या दिवशी वन्सं पानावरून तशाच उठल्या.

सगळं जमलं आणि स्टिअरिंगपाशी अडलं. वन्सं ठेंगण्या. मोठं घेतलं की फिरवताना मांडीला घासे. लहान घेतलं की त्याची वरची कड नेमकी वेगाच्या काट्यावर येई, आणि काटा दिसत नसेल तर आर.टी.ओ.चे तपासणी साहेब गाडी पास करणार नव्हते. वन्सं पुठ्ठ्याच्या कड्या कापून सीटवर बसून राहायच्या. मी मात्र लहरीपुऱ्याच्या बाजारात एक इवलंसं, लाल शिलाईचं, चामड्याचं स्टिअरिंग बघून आले होते.

"वन्सं, काय शोभेल हो गाडीला."

"गाडीला नाही, तुझ्या स्कार्फला. काटा झाकतंय."

शेवटी एका जुन्या व्हॅनचं मधल्या मापाचं, काळं, कुरूप स्टिअरिंग आलं. ते बसलं. मी रुसले.

तपासणीच्या सकाळी पूजा माझ्याकडे होती. कुंकू लावलं, नारळ फोडला आणि स्टिअरिंगला नाडाछडी बांधली. बडोद्यात नव्या गाडीला हा लाल-पिवळा दोरा बांधतातच. एक वेढा पुरतो. मी अख्खी कड गुंडाळून काढली. लाल शिलाईची हौस अशी भागवून घेतली. वन्संनी घड्याळ बघितलं आणि गाडी काढली.

आर.टी.ओ.त साहेब गाडीत बसले, स्टिअरिंगवर हात ठेवला आणि थांबले. "आ दोरो केम वींट्यो छे? नीचे तिराड छे?" दोऱ्याखाली आम्ही तडा लपवलाय, असा त्यांना संशय.

"पूजानो छे, साहेब."

"पूजामां एक आंटो होय. आ तो पाटो बांध्यो छे." त्यांनी पेन खिशाला लावलं. "फरी आवजो."

दिवाळीआधी पुन्हा तारीख मिळणार नव्हती. वन्संनी पर्समधून ड्रॉइंगचं ब्लेड काढलं. मी त्यांचं मनगट धरलं. "वन्सं, पूजेचा दोरा आहे, कापू नका."

"देवाचं बघून झालंय. साहेबांचं व्हायचंय."

भोवती माणसं जमली. ब्लेड जरा जरी खाली लागलं असतं तरी चरा उठला असता, आणि साहेबांनी त्यालाच तिराड म्हटलं असतं. वन्सं एकेक वेढा उचलून कापत होत्या. मी गॉगलआडून रामरक्षा म्हणत होते आणि मधलीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होते.

दोरा पायाशी पडला. साहेबांनी कडेवरून सावकाश अंगठा फिरवला. स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन बघितलं. मग वन्संना बसवून विचारलं, "काटो देखाय छे?"

"आखो देखाय छे."

साहेब गाडी घेऊन फाटकाबाहेर गेले. आम्ही दोघी उन्हात उभ्या. परत आल्यावर साहेबांनी सही केली आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "हवे एक ज आंटो, हां बेन."

वन्संनी मला स्टिअरिंगपाशी बसवलं. "सुमन, किल्ली तू फिरव," म्हणाल्या. त्या थंडीत त्यांनी मला गाडी शिकवली. मी चेअरमनच्या तुळशीवर गाडी घातली, तेव्हा त्यांनी नव्या कुंडीच्या मापाचा पुठ्ठा कापला.

गेल्या वर्षी त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं, तेव्हा ॲम्ब्युलन्स नको, आपली गाडी काढ म्हणाल्या. मी चालवत होते, त्या शेजारी. श्वास लागला होता. मी समोरच्या रिक्षाला हॉर्नवर हॉर्न देत होते.

वन्संनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, "हळू घे. जायची घाई मला आहे, तुला नाही."