मावशीची गाडी आणि टायवाल्याचं पाठांतर

आमच्या मावशीला कुणी बोलताना अडखळलेलं बघवत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, हे दुखणं आहे. एका शोकसभेत एक वयस्कर गृहस्थ भाषण करत होते. "त्यांच्या जाण्यानं आपल्यामध्ये एक... एक..." म्हणून ते थांबले, आणि तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "पोकळी!" मी शेजारीच बसले होते. धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी आनंदानं गेले असते. ते गृहस्थ मात्र "हां, पोकळी" म्हणाले आणि पुढं सुरळीत बोलत गेले. शिवाय जाताना मावशीचे आभार मानून गेले!

दोष तिचाही नाही म्हणा. दिवसा टेलिफोन खात्यात नोकरी आणि संध्याकाळी हौशी नाटक मंडळीत प्रॉम्प्टर, यात तिचं आयुष्य गेलं. विंगेत बुटक्या स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही, हातात छोटी बॅटरी. नट अडला की शब्द फेकायचा. प्रॉम्प्टरचा आवाज नटाला ऐकू जावा आणि प्रेक्षकाला जाऊ नये असा नियम आहे. मावशी त्यातला पहिला अर्धाच पाळायची. मागच्या रांगेतले लोक म्हणायचे, तिकीट एकदाच काढतो आणि नाटक दोनदा ऐकतो.

काका त्याच मंडळीतले नायक. दिसायला राजबिंडे, आवाज खणखणीत आणि पाठांतराच्या नावानं शंख. सेटचा टेम्पो मात्र झकास चालवायचे. हिनं शब्द फेकायचे, त्यांनी झेलायचे, असं करता करता दोघांचं जमलं. लग्नाचं विचारतानासुद्धा काका मध्येच अडले आणि उरलेलं वाक्य मावशीनं पूर्ण केलं म्हणे. "मी भलतंच काहीतरी विचारणार होतो," असं काका नंतर जन्मभर सांगत राहिले.

आणि अशा माणसाला गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय गेला, चाकांची खुर्ची आली. त्याहून वाईट म्हणजे शब्द गेले. म्हणजे डोक्यात होते, पण जिभेपर्यंत यायला फार वेळ लागायचा. डॉक्टरीणबाईंनी मावशीला बजावलं, "त्यांना शब्द पुरवू नका. त्यांचे त्यांना सापडू द्या. आणि माणसांत न्या."

पहिली गोष्ट तिनं कशी पाळली ते तिलाच माहीत. काका 'पाणी' शोधत असायचे, आणि ही समोर ओठ मिटून, मुठी आवळून बसलेली असायची. शब्द आला की उठून पाणी द्यायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी आपटायची. मला रडू यायचं ते बघून.

दुसऱ्या गोष्टीशी तिची गाठ पडली ती रस्त्यावर. बसमध्ये खुर्ची चढत नाही. टॅक्सीवाले खुर्ची बघितली की मान वळवून निघून जातात. मंडळीची तालीम नदीपलीकडच्या हॉलमध्ये. सुरुवातीला मित्र घरी यायचे, मग फोन यायचे, मग तेही कमी झाले. काका दिवसभर खिडकीत बसून खालच्या गाड्या बघायचे. "माणसांत न्या म्हणे! कशात घालून नेऊ?" असं म्हणत एक दिवस मावशी ड्रायव्हिंगच्या शाळेत जाऊन बसली. या वयात! शिकवणारा मेटाकुटीला आला होता. "मावशी," म्हणायचा, "पुढच्या गाडीवाल्यानं कुठं वळायचं ते तुम्ही सांगू नका हो." एवढं करून लायसन मिळालं. खोड एकच राहिली. सिग्नलला थांबली की क्लच विसरायची आणि गाडी आचका देऊन बंद पडायची.

गाडीही तिनं हेरून ठेवली होती. चाकं न काढता घडीची खुर्ची जिच्या डिकीत मावेल अशी. शोरूमच्या काचेवर भली मोठी पाटी होती, त्यावर किंमत आणि खाली 'सगळं धरून'. ठेव मोडली की बरोबर तेवढेच पैसे येत होते. त्यापुढं एक दमडी नव्हती.

मग काय, गेलो दोघी. आम्हाला जो सेल्समन मिळाला त्याच्या टायवर बारक्या बारक्या गाड्या छापलेल्या होत्या, म्हणून आम्ही त्याचं नाव टायवाला ठेवलं. गोड बोलणारा. त्यानं कागदावर पाटीवरची किंमत लिहिली आणि मग तिच्याखाली एकेक ओळ उतरायला लागली. हाताळणीचा खर्च. 'आवश्यक' सामानाचा संच, म्हणजे पायपुसणी आणि एक अत्तराची कुपी. विमा आमच्याकडूनच घ्यायचा. कागदपत्रांची फी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! मी म्हटलं, "अहो, पाटीवर सगळं धरून लिहिलंय ना?"

"सगळं म्हणजे गाडी सगळी, ताई," टायवाला म्हणाला. "चारही चाकांसकट."

माझं टाळकंच सरकलं. मी आवाज चढवला, तशी त्यानं नजर खाली टाकली आणि म्हणाला, "तुम्ही मला बहिणीसारख्या, म्हणून सांगतो. या रंगात ही शेवटची गाडी आहे. थांबा, साहेबांशी बोलून बघतो." मागं काचेची केबिन होती. आत जाऊन त्यानं मॅनेजरसमोर हात पसरले, मॅनेजरनं मान हलवली, यानं हात जोडले. सगळं काचेतून दिसत होतं. मग रुमालानं कपाळ टिपत बाहेर आला. "साहेबांना कसंबसं पटवलं. पण हा भाव फक्त आज संध्याकाळपर्यंत." पटवलं काय होतं, तर अत्तराची कुपी फुकट!

मी रस्ताभर धुसफुसत होते. मावशी शांत. म्हणाली, "पोरगा बरा करतो. पण घोकलेलं आहे. 'शेवटची गाडी'ला नजर खाली टाकतो ना, ती कुणीतरी बसवून घेतलेली आहे."

"मावशी, आपल्याला लुटताहेत आणि तुला तालीम सुचतेय?"

"बघू दे तरी," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच शोरूममध्ये गेली आणि कोपऱ्यातल्या सोफ्यावर, मशीनची कॉफी घेऊन, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी बसली. तिसऱ्या दिवशीही गेली. शनिवारीही. घरी येऊन काकांच्या खुर्चीपुढं तिनं सगळा प्रवेश करून दाखवला. केबिनमध्ये हात पसरणं, जोडणं, रुमाल, सगळं. "तीच शेवटची गाडी तिघांना विकायला काढली हो," म्हणाली. "आणि दुसरा एक दाढीवाला आहे, तोसुद्धा अक्षर न अक्षर हेच बोलतो. फक्त 'बहिणीसारख्या'च्या जागी 'वडिलांसारखे'." काकांच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. मावशीनं तो बघितला, आणि मग जेवणं होईपर्यंत तिनं तोच प्रवेश परत परत केला.

खुर्ची डिकीत घालून बघायची म्हणून रविवारी काकांना न्यायचं ठरलं. खालच्या फर्निचरवाल्याच्या हातापाया पडून त्याचा टेम्पो मिळवला. पण तो काही रोज मिळणार नव्हता. मी मावशीला आधीच दम दिला होता, "बोलणार मी. तू एक शब्द काढायचा नाहीस. तू तोंड उघडलंस की आपलं सगळं हसं होईल." तिनं काकांच्या गळ्याची शपथ घेतली. काकांनी शंकेनं गळ्यावर हात ठेवला.

शोरूम गच्च भरलं होतं. शेजारच्या टेबलावर नवं लग्न झालेलं जोडपं दाढीवाल्यापुढं बसलं होतं, पलीकडे टोपी घातलेले एक आजोबा. खुर्ची डिकीत अश्शी बसली, जणू तिच्यासाठीच डिकी केली होती. काका गाडीकडे बघत राहिले. मी कंबर कसून टेबलाशी बसले. ठरल्याप्रमाणे कागद, ओळी, माझा चढलेला आवाज, केबिन. टायवाला आत जाऊन हात पसरून, जोडून परत आला. रुमाल काढला. आणि त्याची नजर काकांवर पडली.

काका त्याच्याकडे अगदी लक्ष देऊन बघत होते. नट नटाकडे बघतो तसं.

"साहेबांना..." टायवाला म्हणाला. "साहेबांना मी..." आणि थांबला. रुमाल कपाळावर तसाच.

मी मावशीकडे बघितलं. तिची मान ताठ झाली होती. मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. काही उपयोग नाही! ज्या बाईनं तीस वर्षं अडलेला नट बघितला की शब्द फेकला, तिला माझा पाय काय थोपवणार?

"कसंबसं पटवलं," मावशी कुजबुजली.

तीच ती कुजबुज. पार काचेच्या दारापर्यंत गेली.

"कसंबसं पटवलं," टायवाला सवयीनं म्हणाला. "पण हा भाव..."

"फक्त आज संध्याकाळपर्यंत."

"फक्त आज सं—" त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

नेमका त्याच वेळी शेजारी दाढीवाला म्हणत होता, "तुम्ही मला वडिलांसारखे..." समोर विशीतला नवरामुलगा. आपण काय बोललो ते दाढीवाल्याला कळलं आणि तोही अडला. मावशी तिकडे वळली. "बहिणीसारख्या. बहिणीसारख्या घ्या, यांना ते बसत नाही. मग 'या रंगात ही शेवटची गाडी'. नजर खाली."

दाढीवाल्यानं खरंच नजर खाली टाकली!

"म्हणजे?" नवी नवरी म्हणाली. "शेवटची गाडी आमची ना?"

"आमची," टोपीवाले आजोबा म्हणाले. "मला काल दिली."

मी कपाळावर हात मारला. झालं, म्हटलं, आता ही गाडी देतात कसली, हाकलून देतील, आणि काका परत त्या खिडकीत. इतक्यात केबिनचं दार उघडून मॅनेजर स्वतः आला. "मॅडम, हे बरं नाही. आम्हीपण पोटासाठीच करतो. वाढीव खर्च आम्ही लावत नाही, हा..."

"कंपनीचा नियम आहे," मावशी म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. "सॉरी हं. आपोआप येतं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅनेजर लाल झाला. तो काही बोलणार, तेवढ्यात काकांनी डावा हात वर केला.

सगळे थांबले. काकांचे ओठ हलायला लागले. शब्द येत नव्हता. शोरूममध्ये नुसती कॉफीची मशीन घुरघुरत होती. टायवाला त्यांच्या तोंडाकडे बघत होता, मॅनेजरसुद्धा. मला राहवेना, मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तशी मावशीनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. ती स्वतः ओठ मिटून बसली होती. सगळ्या जगाला शब्द पुरवणारी माझी मावशी, नवऱ्याच्या एका शब्दासाठी घामाघूम होऊन थांबली होती.

"पडदा," काका म्हणाले.

खणखणीत. जुना आवाज.

टोपीवाल्या आजोबांनी टाळी वाजवली. नवी नवरी हसत सुटली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला, उठा." मागच्या टेबलावरचेही दोघं उठले. मॅनेजरनं उठणाऱ्या गिऱ्हाइकांकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि टायवाल्याला दबक्या आवाजात म्हणाला, "यांना पाटीवरच्या भावात दे. आणि यांना आधी बाहेर काढ."

"'सगळं धरून' ना?" मी विचारलं. मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही.

"सगळं धरून!" तो ओरडला.

गाडी ताब्यात देताना टायवाला रेंगाळला. "मावशी, एक विचारू? मी अडकलो होतो. तुम्ही गप्प बसला असता तर मीच तोंडघशी पडलो असतो. मला सावरलंत कशाला?"

"अडलेल्या नटाला मी कधी वाऱ्यावर सोडलेलं नाही," मावशी म्हणाली. "तू चांगला करतोस रे. नाटक भिकार आहे."

त्यानं अत्तराची कुपी तिच्या हातात कोंबली आणि पळाला.

त्याच आठवड्यात आम्ही तालमीला निघालो. मावशी स्टिअरिंगवर, काका शेजारी इस्त्रीच्या शर्टात, मी मागं जीव मुठीत धरून. पुलापर्यंत सगळं ठीक चाललं. पुलाच्या तोंडाशी सिग्नल लागला. हिरवा झाला आणि गाडीनं आचका दिला, बंद. मावशीनं चावी फिरवली. पुन्हा आचका, पुन्हा बंद. मागून हॉर्न वाजायला लागले, एक ट्रकवाला तर काहीबाही बोलायलाच लागला. मावशीचे हात स्टिअरिंगवर गोठले. ती समोर बघत राहिली. जन्मात पहिल्यांदा तिला पुढचं काही आठवत नव्हतं.

"क्लच," काका म्हणाले.

आधी ओठांची चाळवाचाळव नाही की शोधाशोध नाही. विंगेतून यावा तसा शब्द आला.

मावशीनं क्लच दाबला, चावी फिरवली. गाडी सुरू झाली आणि पुलावर चढली. मला आरशात तिचा चेहरा दिसत होता. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती पुसायला हात काढू शकत नव्हती, कारण नवशिकी होती.

"अहो," ती म्हणाली, "जरा हळू सांगायचं. मागच्या रांगेला ऐकू गेलं."