सोप्या लेव्हलवर दिलेला निकाल

“मॅडम, एक इचारू काय? राग नका मानू.”

फोनवर तायडे होते. राग नका मानू असं कुणी म्हटलं की मला आधीच राग येतो. त्यात चार दिवस मान मोडून काम केल्यावर मी नुकताच रिव्ह्यू पाठवला होता आणि गॅसवर चहा ठेवला होता. सकाळचे साडेनऊ वाजले होते.

“विचारा.”

“तुमी हा गेम कोनत्या लेव्हलवर खेळल्या?”

“तायडे, व्हिडिओ कापायचं काम तुमचं. खेळायचं माझं. पाठवलंय ते कापा,” असं म्हणून मी फोन ठेवला. चहा उतू गेला होता. गॅसची शेगडी पुसता पुसता माझ्या लक्षात आलं की या माणसाने नेमकं तेच विचारलंय जे कुणी विचारू नये अशी माझी इच्छा होती.

मी कॉम्प्युटर गेम्सचे रिव्ह्यू लिहिते. हे काम असतं, यावर माझ्या आईचा अजून विश्वास नाही. आधी पुण्यात आठ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, मग अकोल्याला जठारपेठेत घरी परत आले. आमची मराठी वेबसाइट अमरावतीहून चालते. संपादक काळे सर, व्हिडिओ एडिटर तायडे आणि मी, एवढाच कारभार. दहापैकी मार्क देण्यात मी कंजूष म्हणून प्रसिद्ध आहे. कुठल्या गेमचा फार गाजावाजा झाला की माझ्या हातून आपोआप मार्क कमी पडतात, हेही खरं.

आणि या गेमचा गाजावाजा काही विचारू नका. चंद्रावरच्या एका ओसाड खाणीत एकटा सैनिक आणि बिघडलेली यंत्रं, असा तो शूटर गेम. म्हणजे बंदूक घेऊन पुढे जायचं आणि समोर येईल त्याला गोळ्या घालायच्या. पहिला भाग लोकांनी डोक्यावर घेतला होता. दुसऱ्या भागाच्या जाहिराती तीन वर्षं चालल्या होत्या. वचन एकच होतं: या वेळचा शत्रू तुमच्याकडून शिकेल.

कंपनीने हा गेम आम्हाला बाजारात येण्याच्या पाच दिवस आधी दिला होता. आमच्यासारख्या छोट्या साइटच्या वाट्याला हे पहिल्यांदाच आलं होतं. अट एकच, एम्बार्गोची. म्हणजे ठरलेल्या वेळेआधी कुणी काही छापायचं नाही. ती वेळ त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाची होती. काळे सरांनी मला बजावलं होतं, “हे नीट झालं तं पुढचे दरवाजे उघडतीन. गडबड झाली तं आपल्याले कोनी इचारनार नाई.”

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. ती सगळ्यांना माहीत असते आणि कुणी लिहीत नाही. असा गेम संपवायला तीस-पस्तीस तास लागतात. हातात दिवस मोजके. मग रिव्ह्यू करणारे गुपचूप सगळ्यात सोपी लेव्हल लावतात. तिथे शत्रू पटकन मरतो, आपण मरत नाही, गोष्ट शेवटपर्यंत पाहून होते आणि लेख वेळेत जातो. मीही तेच केलं होतं. आणि मग झोकात लिहिलं होतं: “शिकणारा शत्रू म्हणे! हा तर पहिलीतच नापास आहे.” मार्क दिले पाच.

तायडेंना फोनवर तोडून बोलले ते मनाला लागलं होतं, पण आपली चूक असेल हे अजून कबूल नव्हतं. त्यांना समोरासमोर गप्प करावं म्हणून मी अकराची अमरावतीची बस धरली. मूर्तिजापूरपर्यंत मनातल्या मनात भांडण पाठ केलं. बडनेरा येईस्तोवर त्यातले निम्मे मुद्दे मलाच पटेनासे झाले.

तायडे मूळचे दर्यापूरचे. वय पन्नाशीच्या पुढे. बावीस वर्षं त्यांनी लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं आणि एडिटिंगचं काम केलं. स्वतः गेम खेळत नाहीत, कंट्रोलर हातात दिला तर टीव्हीच्या रिमोटसारखा धरतात. मी ऑफिसात पोचले तेव्हा ते माझं फुटेज, म्हणजे मी खेळताना रेकॉर्ड झालेला व्हिडिओ, पाहत बसले होते. शेजारी वहीचं पान होतं.

“या मॅडम. पानी घ्या आधी.”

“पाणी राहू द्या. काय चुकलंय ते दाखवा.”

“चुकलं असं नाई म्हनत मी. हे पाहा. लग्नाचा व्हिडिओ देन्याआधी आमी पाहुन्यांची यादी करतो. कोन दिसला, कोन नाई दिसला. एकडाव नवरीचा मामाच राहून गेला होता. त्याच्या घरच्यांनी चार वर्सं मले नमस्कार नाई केला. तवापासून सवय हाय.”

त्यांनी पान पुढे सरकवलं. कंपनीच्या जाहिरातीत शत्रू जे जे करताना दाखवला होता, त्याची ती यादी होती. ढाल उचलतो. मागून येतो. जोडीदाराला हाक मारतो. आपली लपायची जागा लक्षात ठेवतो. प्रत्येकासमोर फुली.

“सहा तासांचं फुटेज पाह्यलं मी. हा ढालवाला एकडावबी ढाल उचलत नाई. उचलाच्या आधीच तुमी त्याले मारून राहिल्या. यायले तुमी टाइमच नाई देला, मॅडम. मामा मांडवात आला होता, पन तुमी त्याचा फोटोच नाई काढला.”

मी खुर्ची ओढून बसले आणि ते पाणी प्यायले. चार दिवसांत मला जे दिसलं नाही ते या माणसाला यादी करून दिसलं होतं, आणि मी त्यांच्यावर फोन आपटला होता. “सोप्या लेव्हलवर खेळले मी,” मी म्हणाले.

“मले वाटलंच,” तायडे म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांनी खुर्ची रिकामी करून दिली.

मी ऑफिसच्या मशिनवर फुटेजमधलीच दुसरी मिशन, म्हणजे गेमचा दुसरा टप्पा, कठीण लेव्हलवर लावली. खोलीत तीन शत्रू होते. अर्ध्या मिनिटात मी मेले. पुन्हा सुरू केलं. डावीकडच्या खांबाआड लपून दोघांना टिपलं, तिसऱ्याने ढाल उचलली आणि चालत आला. मेले. तिसऱ्यांदा पुन्हा त्याच खांबाआड धावले, तर तिथे त्यांच्यातला एक आधीच येऊन उभा होता. मी खुर्चीत अक्षरशः दचकले. तायडेंनी पानावरची एक फुली खोडून बरोबरची खूण केली.

टेस्टिंगमधली सवय म्हणून मी नुसत्या आनंदावर विश्वास ठेवला नाही. तीच खोली सोप्या लेव्हलवर खेळले, मधल्या लेव्हलवर खेळले, मग पुन्हा कठीणवर. चार मिशन्स अशा तीन-तीनदा. संध्याकाळी सातला गावातल्याच मावशीकडे जेवायला आणि मुक्कामाला गेले आणि सकाळी नऊला परत येऊन बसले. चित्र स्पष्ट झालं. सोप्यावर शत्रू मठ्ठ. मधल्यावर, म्हणजे बहुतेक लोक जिथे खेळतात तिथे, तो अर्धवट शिकतो. कठीणवर कंपनीने वचन पुरेपूर पाळलं होतं. दोष होतेच. गोष्ट शेवटी रबरासारखी ताणली होती, हिंदी सबटायटल्स वाचायला भिंग लागलं असतं, आणि सोपी लेव्हल निवडली की गेमचा जीवच निघून जातो, हे मेनूत कुठेही सांगितलेलं नव्हतं. पण मार्क पाच नव्हते. साडेसात होते.

दुपारी काळे सर आले. त्यांनी हेडिंग तयार ठेवलं होतं: ‘तीन वर्षं थांबवून तोंडाला पुसली पानं!’

“सर, हे हेडिंग काढा. निकाल बदललाय. साडेसात.”

“एका दिवसात अडीच मार्क? काहून?”

मी सांगितलं. सर डोक्याला हात लावून बसले.

“आता बदललं काय अन् नाई बदललं काय, बाहेर कोनाले मालूम? नुसते मार्क बदला अन् चूप बसा.”

“नाही. लेखात पहिल्यांदा हेच लिहिणार. मी सोप्यावर संपवला, पाच मार्क दिले, आमच्या एडिटरने चूक दाखवली, मग पुन्हा खेळले.”

“लोकं हसतीन, मॅडम. अन् कंपनी म्हनीन, पाच दिवस देऊन यायनं हे केलं. पुन्हा कोनी गेम देनार नाई.”

“नाही देणार तर नाही. पण आपल्या भरवशावर कुणी तरी हा गेम घेईल किंवा सोडून देईल, सर. त्याला मी अर्धं कसं सांगू?”

सर तायडेंकडे वळले. “तुमी काय म्हनता?”

“मी काय म्हनू साहेब,” तायडे म्हणाले. “मी तं मामाच्या घरी चार वर्सांनी सोता गेलो. चूक झाली म्हनलं. तवा कुठं त्यायनं चहा पाजला.”

सरांनी हेडिंग खोडलं. चार वाजता मी नवा लेख दिला. साडेसहाला तो साइटवर गेला.

हसायचे ते लोक हसलेच. दोन दिवस मी ‘इझी मॅडम’ होते. कंपनीकडून पाकीट मिळालं का, असंही एकाने विचारलं. मोठमोठ्या साइट्सवर निकालांचा नुसता गोंधळ होता. कुणाचा शत्रू हुशार, कुणाचा मठ्ठ, आणि कोण कोणत्या लेव्हलवर खेळलं हे कुणीच लिहिलं नव्हतं. मग बार्शीटाकळीच्या एका वाचकाची कॉमेंट आली: “मॅडम, तुमी चुकल्या हे लिवलं, म्हनून बाकीचं खरं वाटलं. मी मधल्यावर सुरू केला होता, आता कठीणवर टाकला. लई मजा येऊन राहिली.” ती मी तायडेंना फोनवर वाचून दाखवली.

महिन्याभराने कंपनीच्या प्रतिनिधीचा मेल आला. सोप्या लेव्हलबद्दल मेनूत सूचना टाकल्याचं त्यांनी कळवलं होतं. पुढचा गेम आम्हाला पाचऐवजी दहा दिवस आधी मिळणार होता.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक रिव्ह्यूच्या डोक्यावर एक ओळ असते: कोणत्या लेव्हलवर खेळला, किती तास, कुठे थांबलो. शिकण्यासारखं एवढंच, की गेम कसा आहे हे सांगण्याआधी आपण तो कसा खेळलो हे सांगावं. इतकी साधी गोष्ट कळायला मला आठ वर्षांचं टेस्टिंग पुरलं नव्हतं.

त्या लेखाखाली मी माझ्या नावाशेजारी तायडेंचं नाव टाकलं होतं. पुढच्या आठवड्यात मी ऑफिसला गेले तेव्हा ते अवघडून माझ्या खुर्चीशी आले. “मॅडम, माह्यं नाव काहून टाकलं? मी तं एक गोळीबी नाई झाडली.”

“म्हणूनच तुम्हाला दिसलं,” मी म्हणाले. मग इतके दिवस राहून गेलेलंही बोलून टाकलं. “तायडे, त्या दिवशी फोन आपटला, चुकलं माझं. तुम्ही विचारलं नसतं तर मी चुकीचं लिहून मोकळी झाले असते. तुमचे उपकार आहेत.”

त्यांनी खिडकीतून खाली चहावाल्याला दोन बोटं दाखवली आणि खुर्ची ओढून बसले.